ताळा न घेता केलेला आरोप

पर्युषण पर्व जवळ आले की आमच्या संघाची वार्षिक सभा होते. निवृत्तीनंतर नामपूरला कायमचा राहायला आलो, तेव्हापासून संघाचे हिशेब लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. पूर्वी ते लाल कापडाच्या चोपड्यांत लिहिले जात. आता माझ्या आठ वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर लिहिले जातात. गेल्या वर्षी श्रावणातल्या ज्या रविवारी सभा होती, त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. तरी मी निश्चिंत होतो. दोनच महिन्यांपूर्वी लॅपटॉपला नवी बॅटरी घातली होती आणि घरून निघताना पडद्याच्या कोपऱ्यात ८२ टक्के शिल्लक दिसत होती.

दीड तास सभा व्यवस्थित चालली. साधारण खाते वाचून झाले, आयंबिल खाते झाले. जीवदया खात्याची अखेरची शिल्लक वाचण्यासाठी मी चष्मा सावरला आणि पडदा काळा पडला. त्याआधी दिसलेला शेवटचा आकडा ३८ टक्क्यांचा होता. मागून कोणीतरी म्हणाले, "साहेब, संघाची शिल्लक तरी खरी आहे ना?" सगळे हसले. त्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. पण ज्याने छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका शोधल्या, त्याला ते हसणे लागले. उरलेले आकडे मी आठवतील तसे सांगितले आणि सभा आटोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लॅपटॉप काखेत घेऊन मी बाजारपेठेत गेलो. जिथून बॅटरी घेतली होती ते मोबाईल आणि संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. ते चालवणारा मुलगा पंचविशीचा, शेतकऱ्याच्या घरातला. दुकान सुरू करून त्याला जेमतेम वर्ष झाले होते. दुकानात दोन गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "नवी म्हणून जुनी बॅटरी माझ्या गळ्यात मारलीस. ३८ टक्के दाखवते आणि बंद पडते. हा काय व्यवहार झाला?"

तो गोंधळला, पण आवाज चढवला नाही. म्हणाला, "काका, बॅटरी नवीच आहे. माझ्याकडे फळीवर दहा महिने पडून होती, एवढेच. तिचा आकडा चुकत असणार. एक दिवस माझ्याकडे ठेवा, नाहीतर मी लिहून देतो तसे घरी करून पाहा. तरीही बंद पडली तर दुसरी देईन." त्याने बिलाच्या मागे चार ओळी लिहिल्या. आलेला कागद न टाकण्याची बँकेतली सवय म्हणून मी तो खिशात घातला आणि एक शब्द न बोलता दुकानाची पायरी उतरलो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे झाले असते. संध्याकाळी एका कांदा व्यापारी मित्राच्या पेढीवर बसलो होतो. त्यांनी त्याच मुलाकडे दोन बॅटऱ्या सांगून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, "त्याच्याकडून घेऊ नका, माल चोख नाही." त्यांनी माझ्यादेखत फोन करून मागणी रद्द केली. माझ्या शब्दाला गावात अजून किंमत आहे याचे त्या क्षणी मला समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

चार दिवसांनी सुट्टीत आलेल्या नातीच्या हाती ते बिल लागले. तिने मागच्या ओळी वाचल्या आणि विचारले, "दादाजी, हे करून पाहिलेत का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग बॅटरी खराब आहे हे कशावरून ठरवलेत?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

पुढचे सांगण्याआधी तो टक्क्यांचा आकडा येतो कुठून, हे सांगायला हवे. मला वाटत असे की टाकीत पट्टी बुडवून पाणी मोजावे तशी लॅपटॉप बॅटरीतील वीज मोजत असेल. तसे नाही. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या एका घराचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि रिकामे होताना ३ व्होल्टच्या आसपास उतरतो. पण मधल्या मोठ्या टप्प्यात तो फारच थोडा बदलतो. त्यामुळे केवळ दाब पाहून निम्मी बॅटरी उरली की एक तृतीयांश, हे नेमके सांगता येत नाही.

म्हणून बॅटरीच्या आत एक छोटी चिप बसवलेली असते आणि ती चक्क रोजमेळ लिहिते. आत आलेली वीज जमा, बाहेर गेलेली वीज नावे, आणि कालच्या शिलकेवरून आजची शिल्लक. विद्युत्‌भाराचे माप कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. माझ्या बॅटरीवर ४,४०० मिलिअँपिअर-तास असे छापले आहे. म्हणजे पूर्ण भरली की तिच्यात १५,८४० कूलोम मावतात. चिप हे कूलोम येताजाता मोजते. पडद्यावर दिसणारी टक्केवारी ही अशी पुस्तकी शिल्लक असते; तिजोरी उघडून मोजलेली रोकड नव्हे.

पुस्तकी शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत फरक कसा पडतो, हे नामपूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात चाळीत भरतो, तेव्हा वहीत वजन लिहितो. श्रावण-भाद्रपदात चाळ फोडली की तेवढा कांदा निघत नाही. काही सुकतो, काही सडतो, काहीला मोड येतात. वहीतला आकडा कोणी बदलला नाही, म्हणून चाळीतला माल घटायचा थांबत नाही. फळीवर दहा महिने पडलेल्या बॅटरीचेही असेच होते. ती आपोआप थोडी थोडी उतरत राहते आणि ही घट चिपच्या वहीत पूर्णपणे उतरतेच असे नाही. शिवाय प्रत्येक नोंदीत कणभर चूक होत असते. एका नोंदीत ती दिसत नाही; शेकडो नोंदींनंतर दिसते.

ही चूक दुरुस्त होण्याच्या जागा दोनच. बॅटरी काठोकाठ भरली की दाबावरून चिपला खात्रीने कळते की हे शंभर. पूर्ण उतरली की कळते की हे शून्य. या दोन टोकांना वही आणि तिजोरी जुळवून पाहता येते. मधल्या वाटेवर सगळा अंदाजाचा कारभार.

आणि मी काय केले होते? बॅटरी चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवली तर अधिक वर्षे टिकते, असे कोणाकडून तरी ऐकले होते. गोष्ट खोटी नाही. म्हणून दोन महिने मी ऐंशीच्या जवळपास आकडा दिसला की चार्जर काढत होतो आणि चाळिसाच्या आत येऊ देत नव्हतो. त्यामुळे नव्या बॅटरीच्या चिपला दोन्हींपैकी एकही टोक कधी पाहायला मिळाले नाही. ज्या शाखेत दोन महिने एकदाही रोकड मोजली गेली नाही, तिथल्या वहीवर मी विश्वास ठेवला असता का?

नातीने लॅपटॉपमधला बॅटरीचा अहवाल काढून दाखवला. विंडोज असलेल्या संगणकात कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टंकली की तो तयार होतो. आज्ञेतील शब्द आहेत 'पॉवरसीएफजी' आणि, तिरपी रेघ देऊन, 'बॅटरीरिपोर्ट'. त्यात दोन आकडे महत्त्वाचे असतात. बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आज ती पूर्ण भरली तर किती मावते. माझ्या अहवालात दोन्हींपुढे ४८,८४० मिलिवॉट-तास असा एकच आकडा होता. मला आनंद झाला. म्हटले, बॅटरी नवी आहे खरी. नात म्हणाली, "दोन्ही आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे कसे? मोजलेले असते तर थोडा तरी फरक पडला असता."

मी चपापलो. कॅश-क्रेडिटच्या खातेदारांची मालसाठ्याची विवरणपत्रे तपासताना हेच मी माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना सांगत असे. ज्या गोदामाचा पुस्तकी साठा आणि प्रत्यक्ष साठा महिन्यामागून महिने रुपयापर्यंत जुळतो, त्या गोदामात कोणी गेलेले नसते. वरचा आकडा खाली उतरवलेला असतो. चिपनेही तेच केले होते. कारखान्यात लिहिलेला आकडा तिने तसाच पुढे ओढला होता, कारण मोजण्याची संधी मी दिलीच नव्हती.

मग बिलामागच्या चार ओळींप्रमाणे आम्ही एक दिवस त्यासाठी दिला. लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढली, पितळी टोके कोरड्या कापडाने पुसली, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरले आणि सर्व पुन्हा जोडले. नंतर पूर्ण चार्जिंगला लावले. आकडा भराभर वाढत नव्याण्णववर जाऊन थबकला, पण चार्जिंगचा पिवळा दिवा पांढरा होईना. तासाहून अधिक काळ बॅटरी वीज घेतच राहिली. वही म्हणत होती भरली, आणि घरात अजून जागा होती. सभेच्या दिवशीच्या ८२ टक्क्यांत निम्मीही वीज नव्हती, हे मला तिथे कळले.

दिवा बदलल्यावर आणखी दोन तास चार्जर तसाच ठेवला. नंतर तो काढला, लॅपटॉप आपोआप झोपी जाण्याची व्यवस्था तात्पुरती बंद केली आणि नेहमीसारखे काम सुरू केले. मी वहीत दर पंधरा मिनिटांनी आकडा टिपत होतो. तीन तास दहा मिनिटांनी लॅपटॉप बंद पडला, तेव्हा पडद्यावर ६ टक्के होते. चार-पाच तास तो थंड होऊ दिला आणि रात्री पुन्हा, मध्ये न थांबवता, पूर्ण भरला. सकाळच्या अहवालात मूळ क्षमता ४८,८४० च होती. पूर्ण भरल्यावरची क्षमता आता ४६,९०० झाली होती. आकडा कमी झाला, म्हणून तो खरा वाटला. बॅटरी नवी होती, चोख होती. त्या दिवसानंतर लॅपटॉप अडतिसावर कधी बंद पडला नाही.

मला नोकरीच्या सुरुवातीची एक संध्याकाळ आठवली. शाखेत रोकड २७० रुपयांनी कमी भरत होती. रोखपाल नवा होता आणि काही जणांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या होत्या. आमचे व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "२७० ला नऊने भाग जातो. आधी वही पाहा, मग माणूस." फरकाला नऊने भाग गेला तर लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो, हा हिशेबनिसांचा जुना ठोकताळा. तासाभरात चूक सापडली. ८,२५० च्या जागी ८,५२० लिहिले गेले होते. तो रोखपाल मीच होतो. त्या एका वाक्याने माझी नोकरी आणि माझे नाव दोन्ही वाचवले. त्या मुलाच्या दुकानात मात्र मी आधी माणूस पाहिला. वही पाहिलीच नाही.

त्याच आठवड्यात पक्खी प्रतिक्रमण होते. दुसऱ्या व्रताचे अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांतला पहिलाच अतिचार सहसा-अभ्याख्यान, म्हणजे विचार न करता कोणावर आरोप करणे. अठरा पापस्थानकांतही अभ्याख्यान तेरावे आहे. इतकी वर्षे ते शब्द तोंडातून जात होते. त्या संध्याकाळी तिथे आलो आणि पुढे जाता येईना. त्या यादीतला शेवटचा अतिचार कूटलेख, म्हणजे खोटे लिहिणे. त्याची मला बँकेत सदैव धास्ती असे आणि मी त्यापासून दूर राहिलो. पण पहिला अतिचार मी भरबाजारात केला होता, आणि तोही आपण फसवले गेलो अशा पूर्ण खात्रीने.

व्यापारी घरांत पत म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. जुन्या पेढीची पत एखाद्या बोलण्याने ढळत नाही. ज्याचे दुकान वर्षाचे आहे, त्याची सारी पूंजी तेवढीच असते. बॅटरी खराब निघाली असती तर माझे अठराशे रुपये गेले असते. माझ्या बोलण्याने त्याचे काय गेले, हे मोजायला कोणती चिप नाही.

मी संवत्सरीची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी गर्दीची वेळ साधून दुकानात गेलो आणि आधीच्याच आवाजात, चार माणसांना ऐकू जाईल असे म्हणालो, "बॅटरी चांगली होती. चूक माझी होती. तुला खोटे ठरवले, त्याची क्षमा मागायला आलो आहे." तो संकोचला. "काका, एवढे काय त्यात," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "शेठजींनी त्या दोन बॅटऱ्या मालेगावहून आणल्या." पेढीवर जाऊन मी मित्रालाही सर्व सांगितले. त्यांनी पुढची खरेदी त्याच्याकडून करण्याचे कबूल केले आणि ती केलीही. परंतु त्या सकाळी दुकानात उभी असलेली दोन गिऱ्हाइके कोण होती, ते मला ठाऊक नाही. त्यांनी घरी जाऊन काय सांगितले असेल आणि ते पुढे कुठे कुठे गेले असेल, तिथपर्यंत माझी क्षमायाचना पोहोचलेली नाही.

आता घरोघरी, दुकानोदुकानी लॅपटॉप आहेत आणि बॅटऱ्या बदलाव्या लागतात, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी. नवी बॅटरी घातल्यावर एकदा काठोकाठ भरावी, एकदा पूर्ण उतरू द्यावी आणि पुन्हा भरावी. नंतर हा ताळा दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. वारंवार पूर्ण उतरवल्याने या जातीची बॅटरी उलट झिजते. अशा ताळ्याने बॅटरीची ताकद वाढत नाही, फक्त आकडा खरा होतो. काही लॅपटॉपमध्ये आयुष्य वाढावे म्हणून साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय मुद्दाम केलेली असते. तो दोष समजू नये, पण ताळा घेताना ती बंद करावी.

आणि दुकानदार प्रत्येक वेळी निर्दोषच असतो, असेही नाही. पूर्ण ताळा घेऊनही लॅपटॉप तिसा-चाळिसावर एकाएकी बंद पडत असेल, तर बॅटरीतले एखादे घर कमजोर आहे. बाकीची भरलेली असली तरी ते आधी संपते आणि सगळी बॅटरी बंद पाडते. अहवालातील क्षमता छापील क्षमतेच्या निम्म्यावर आली असेल, तर ती नवी म्हणण्याजोगी नाही. तेव्हा अहवालाची प्रत आणि बिल घेऊन जावे आणि बदलून मागावी. हातात कागद असला की आवाज चढवावा लागत नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर कोणताही प्रयोग न करता ती वापरणे थांबवावे. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा मोसमच्या पात्रात टाकू नये आणि जाळू तर मुळीच नये. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. विकत घेतली त्या दुकानात ती परत द्यावी. जीवदया खात्यात रक्कम भरणाऱ्यांनी एवढे करायलाच हवे.

आपल्या पूर्वजांनी प्रतिक्रमण रोजचे ठेवले, पंधरवड्याचे ठेवले, चार महिन्यांचे ठेवले आणि वर्षाचेही ठेवले. बँकेतही रोजचा मेळ, महिन्याची जुळवणी, सहामाही आणि वार्षिक ताळेबंद असतो. रोज मोजणाऱ्यालाही वर्षाअखेर पुन्हा मोजावे लागते, कारण छोट्या चुका साठत जातात आणि मधल्या वाटेवर त्या दिसत नाहीत. मी स्वतःला हिशेबाचा पक्का समजत होतो. आयुष्यभर आकडा बरोबर आला, म्हणून मी बरोबर असतो, असा तो हिशेब होता. त्याचाही ताळा फार दिवसांत घेतला नव्हता.

या वर्षी सभेत मी लॅपटॉपसोबत छापील ताळेबंदाच्या प्रती नेणार आहे. गेल्या वर्षी जिथे वाचन अडले, तिथून, जीवदया खात्याच्या शिलकेपासूनच सुरुवात करीन. आणि संवत्सरीला नेहमीच्या घरांखेरीज आणखी दोन माणसांना, ज्यांची नावे मला माहीत नाहीत पण जी त्या सकाळी त्या दुकानात उभी होती, या लेखातून म्हणतो : मी त्या मुलाविषयी जे बोललो ते खरे नव्हते. मिच्छामि दुक्कडम्.